पायाचा मदतनीस : जलद मोटारींच्या ब्रेक-बूस्टरची निवड

मोटारगाडीच्या शौकिनांत बोलणें निघालें कीं तें बहुधा वेगाचें निघतें. कोणत्या इंजिनाची अश्वशक्ति किती, उभ्या गाडीस ताशीं साठ मैलांचा वेग गाठावयास किती सेकंद लागतात, याचे हिशेब तोंडपाठ असणारीं माणसें पुष्कळ आढळतात. तीच गाडी थांबावयास किती फूट लागतात असें विचारलें असतां मात्र बहुतेकांस आठवावें लागतें. वास्तविक वेग दुप्पट झाला म्हणजे गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी थांबतेवेळीं ब्रेकच्या घर्षणांत उष्णतेच्या रूपानें जिरवावी लागते. इंजिन बलवान करणारा मनुष्य ब्रेकवरील बोजाहि त्याच हातानें वाढवीत असतो. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें, पुष्कळदां तो ब्रेकचें बळहि नकळत काढून घेत असतो. ही शेवटची गोष्ट चमत्कारिक वाटेल खरी, परंतु आजच्या विषयाचें मर्म तींतच आहे.

चालकाचा पाय पेडलवर पडतो तेव्हां तो प्रत्यक्ष चाक धरीत नाहीं. पेडल ही एक तरफ आहे. तिच्या लांब भुजेवर पाय आणि आंखूड भुजेवर मास्टर सिलिंडरचा दांडा, अशी तिची रचना असते. दोहोंचें प्रमाण सहास एक असेल तर पायाचा शंभर पौंडांचा जोर दांड्यावर सहाशें पौंड होऊन पोंचतो. शंभर पौंड म्हणजे सुमारें पंचेचाळीस किलो. निरोगी मनुष्यास अडचणीच्या वेळीं इतकें बळ एका पायानें लावणें अशक्य नाहीं, पण रोजच्या रहदारींत तें कोणी हौसेनें लावणार नाहीं. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास सात-अष्टमांश इंच असला तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ०.६ चौरस इंच भरतें, आणि त्या सहाशें पौंडांनीं ब्रेकच्या तेलांत दर चौरस इंचास हजार पौंडांचा दाब उत्पन्न होतो. तोच व्यास एक पूर्णांक एक-अष्टमांश इंच केला तर दाब सहाशेंवर येतो. म्हणजे मोठा सिलिंडर बसविल्यानें ब्रेक जोरदार होतो ही जी सर्वसाधारण समजूत आहे ती अगदीं उलटी आहे. लहान सिलिंडर दाब वाढवितो, मात्र तो पेडलचा प्रवासहि वाढवितो. मोठा सिलिंडर पेडल आंखूड व टणक करितो, पण दाब घटवितो.

जुन्या ड्रम ब्रेकांत निसर्गतःच एक सोय होती. आंतील शू फिरणाऱ्या ड्रमास टेकला म्हणजे ड्रम त्यास आपल्याबरोबर ओढी आणि ती ओढच त्यास अधिक घट्ट बसवी. चालकाच्या पायास ही फुकटची मदत मिळे. डिस्क ब्रेकांत तशी सोय नाहीं. तबकडीच्या दोन बाजूंनीं पॅड दाबले जातात ते केवळ तेलाच्या दाबानें. तबकडी कितीहि वेगानें फिरो, ती पॅडला आपल्याकडे ओढून घेत नाहीं. म्हणून डिस्क ब्रेक तापल्यावरहि विश्वासू राहतो, डावेंउजवें खेंचीत नाहीं, पण पायाकडून अधिक जोर मागतो. हा अधिक जोर आणावयाचा कोठून, हा प्रश्न डिस्क ब्रेकांबरोबर जलद गाड्यांच्या दारीं येऊन उभा राहिला.

पायास मदतनीस देण्याची कल्पना तशी डिस्कहून जुनी आहे. १९१९ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत हिस्पानो-सुइझा कंपनीनें आपली एच-६ ही गाडी मांडिली, तिच्या चारी चाकांस ब्रेक होते आणि गिअरबॉक्सवरून फिरणारें एक यंत्र ते ओढण्यास साहाय्य करीत असे. ही युक्ति इतकी उत्तम ठरली कीं रोल्स-रॉइससारख्या कंपनीनें तिचा परवाना घेतला. त्याच सुमारास बेल्जियममध्यें अल्बेर द्युवांद्र यांनीं इंजिनाच्या ओढीनें निर्माण होणाऱ्या व्हॅक्यूमचा उपयोग करून घेतला, आणि १९२८ सालीं अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो गाडींत ब्रॅग व क्लीसराथ यांच्या योजनेचा व्हॅक्यूम-बूस्टर आला.

शर्यतीच्या मैदानावर मात्र निराळाच मार्ग काढण्यांत आला. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत जग्वार कंपनीच्या सी-टाइप गाड्या डनलॉपच्या डिस्क ब्रेकांसह उतरल्या. तेथील सुप्रसिद्ध सरळ रस्ता सुमारें सहा किलोमीटर लांब. त्याच्या शेवटीं प्रत्येक फेरीस गाडी पूर्ण वेगावरून जवळजवळ उभी करावी लागे. ड्रमवाल्या प्रतिस्पर्ध्यांस आपले ब्रेक पहाटेपर्यंत टिकावेत म्हणून आधींपासूनच वेग आवरावा लागे. जग्वारचे चालक मात्र वळणाच्या पुष्कळ जवळ जाऊन पाय ठेवीत. टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनीं ती शर्यत ताशीं १०५ मैलांहून अधिक सरासरीनें जिंकिली. त्या गाडींत ब्रेकच्या मदतीस व्हॅक्यूम नव्हता. गिअरबॉक्सवरून फिरणारा प्लेसी बनावटीचा तेलाचा पंप होता. गाडी धांवत आहे तोंवर पंप फिरत आहे, मग इंजिनाची ओढ कशीहि असो. शर्यतीच्या इंजिनावर व्हॅक्यूमसाठीं विसंबूं नये हें त्या काळींच ओळखलें गेलें होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र व्हॅक्यूम-बूस्टरच सर्वत्र पसरला. तो स्वस्त आहे, साधा आहे, आणि त्याचें इंधन, म्हणजे हवा, फुकट आहे. इंजिनाच्या खोलींत चालकाच्या समोरील पत्र्यास टेकून एक चपटा गोल डबा दिसतो, तोच हा. डब्यांत मध्यें रबराचा पडदा ताणलेला असतो. पाय मोकळा असतांना पडद्याच्या दोन्ही बाजूंस इंजिनानें ओढून विरळ केलेली हवा असते, म्हणून पडदा स्वस्थ राहतो. पेडल दाबतांच एक झडप उघडून मागल्या बाजूस बाहेरची हवा शिरते. पुढल्या बाजूस विरळपणा तसाच असतो. मग वातावरणाचा दाबच पडद्यास पुढें रेटतो आणि तो रेटा मास्टर सिलिंडरवर पडतो. पाय जेवढा दाबावा तेवढीच झडप उघडते, त्यामुळें मदत पायाच्या प्रमाणांत मिळते. पायास खालून थोडा प्रतिकार जाणवावा अशीहि व्यवस्था आंत असते. तो प्रतिकार नसता तर चालकास आपण किती दाबीत आहों याचा अंदाजच राहिला नसता.

इंजिन व्हॅक्यूम निर्माण करितें तें कांहीं ब्रेकवर उपकार म्हणून नव्हे. थ्रॉटल मिटलेला असतो, दट्टे खालीं जातांना हवा मागतात, ती पुरेशी मिळत नाहीं, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्यें विरळपणा उत्पन्न होतो. त्याचें माप पाऱ्याच्या इंचांत करितात. घरगुती, शांत स्वभावाचें पेट्रोल इंजिन मंद चालींत सतरा ते वीस-एकवीस इंच व्हॅक्यूम सहज देतें. दोन इंच पारा म्हणजे दर चौरस इंचास स्थूलमानानें एक पौंड, एवढें लक्षांत ठेविलें कीं पुढचा सारा हिशेब तोंडीं करितां येतो.

आतां उदाहरणादाखल १९६७ ते १९६९ या सालांतील शेव्हरोले कॅमॅरो ही अमेरिकन गाडी घ्यावी. ३५० घनइंचांचें, म्हणजे ५.७ लिटरचें आठ सिलिंडरी इंजिन तींत असे. आजहि अमेरिकेंत ह्या गाड्या जपणारे आणि त्यांचें बळ वाढविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांचा पहिला हात पडतो तो बहुधा कॅमशाफ्टवर. अधिक उंच व अधिक वेळ उघड्या राहणाऱ्या झडपा देणारा कॅम घातला म्हणजे इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळा श्वास घेतें व बळ पुष्कळ वाढतें. पण हवा आंत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा कांहीं काळ एकदमच उघड्या राहतात. मंद चालींत याचा परिणाम असा होतो कीं जळालेला वायु मागें मॅनिफोल्डमध्यें शिरतो आणि व्हॅक्यूम ढांसळतो. अठरा इंचांच्या ठिकाणीं दहा, कधीं आठहि इंच राहतो. अशा इंजिनाचा लंगडत, धडधडत येणारा आवाज शौकिनांच्या कानांस संगीतासारखा वाटतो. ब्रेकच्या बूस्टरास तो उपासाची सूचना असतो.

हिशेब असा. आठ इंच व्यासाच्या पडद्याचें क्षेत्रफळ सुमारें पन्नास चौरस इंच. अठरा इंच व्हॅक्यूमवर दर चौरस इंचास नऊ पौंड, म्हणजे एकूण साडेचारशें पौंडांची मदत. पेडलचें प्रमाण चारास एक असलें तर पायाचे पन्नास पौंड दांड्यावर दोनशें होतात, एकूण साडेसहाशें. एक इंची मास्टर सिलिंडरांत यानें दर चौरस इंचास आठशेंहून अधिक पौंडांचा दाब येतो, आणि गाडी उत्तम थांबते. आतां कॅम बदलून व्हॅक्यूम दहावर आला. मदत अडीचशें पौंडांवर उतरली. तोच साडेसहाशें पौंडांचा रेटा हवा असेल तर पायास पन्नासाऐवजीं शंभर पौंड लावावे लागतील. आणि मदत मुळींच न मिळाली तर? साडेसहाशें भागिले चार, म्हणजे एकशें साठाहून अधिक पौंड. ह्याच गाडीस मुळांत बूस्टरच नसता आणि पेडलचें प्रमाण सहास एक असतें, तर एकशें आठ पौंडांत काम झालें असतें! म्हणजे उपाशी बूस्टर हा बूस्टर नसण्याहून वाईट. बूस्टराच्या भरंवशावर पेडलची भुजा आंखूड करून ठेविलेली असते, आणि आयत्या वेळीं तो भरंवसा फसतो.

फसतो तोहि पहिल्या दाबास नव्हे, हें विशेष. उभ्या गाडींत इंजिन चालू करून पेडल दाबून पाहिलें तर सारें ठीक वाटतें, कारण डब्यांत सांठविलेला व्हॅक्यूम असतो. रहदारींत हळूहळू सरकतांना एकदां दाबिलें, सोडिलें, लगेच पुन्हां दाबिलें, तिसऱ्यानें दाबिलें. प्रत्येक वेळीं थोडी हवा आंत शिरते आणि ती उपसून टाकण्यास इंजिनाची ओढ अपुरी पडते. मग अकस्मात् पेडल दगडासारखें कठीण लागतें. हें घडतें तें भरधांव रस्त्यावर नव्हे, तर वाहनतळांत, फाटकापाशीं, पुढच्या गाडीच्या मागें चार हातांवर. वेगांत असतां थ्रॉटल सोडिला म्हणजे मोठ्या कॅमचें इंजिनहि चांगला व्हॅक्यूम देतें, त्यामुळें मालकाची समजूत होते कीं ब्रेक निर्दोष आहे.

यावर पहिला उपाय पडदा मोठा करण्याचा. अकरा इंची पडद्याचें क्षेत्रफळ पंचाण्णव चौरस इंच होतें, आणि दहा इंच व्हॅक्यूमवरहि तो पावणेपांचशें पौंडांची मदत देतो. म्हणजे भरपेट आठ इंचीपेक्षां थोडी अधिकच. पण अकरा इंची डबा मोठ्या इंजिनाच्या झांकणाशीं, ज्यास कारागीर व्हॉल्व्ह-कव्हर म्हणतात त्याशीं, भिडतो आणि कित्येक गाड्यांत बसतच नाहीं. तेथें एकामागें एक दोन पडदे असलेला आठ इंची दुहेरी डबा कामास येतो. त्याचें क्षेत्रफळ ढोबळमानानें शंभर चौरस इंच धरितां येतें, फक्त डबा खोलीनें वाढतो. याउलट सात इंची चकचकीत डबा दिसण्यांत सुबक असतो आणि हौशी गाड्यांत फार खपतो. अठरा-वीस इंच देणाऱ्या शांत इंजिनास व हलक्या गाडीस तो पुरतो. उग्र कॅमच्या वजनदार गाडींत तो केवळ शोभेचा.

व्हॅक्यूमची टांकी जोडण्याचा सल्लाहि वरचेवर दिला जातो. टांकी सांठा करिते, ओढ वाढवीत नाहीं. इंजिनानें कधींतरी अठरा इंच दिले असतील तर एकेरी झडपेच्या योगानें ते टांकींत अडकून राहतात आणि पुढील दोन-चार दाबांस उपयोगी पडतात. ज्या इंजिनाची मजलच दहाची आहे त्याची टांकीहि दहाचीच. विजेवर चालणारा व्हॅक्यूम-पंप मात्र खरी भर घालतो. व्हॅक्यूम ठराविक मर्यादेखालीं उतरला कीं तो आपोआप सुरू होतो आणि भरती झाली कीं थांबतो. त्याची घरघर कांहींना सोसत नाहीं, आणि वायरिंग कच्चें असेल तर एक नवाच कच्चा दुवा गाडींत येतो. तरी आठ-दहा इंचांच्या इंजिनासाठीं, मूळचा डबा राखावयाचा असेल तर, हाच मार्ग त्यांतल्या त्यांत सरळ आहे.

दुसरा पंथ तेलाच्या दाबाचा. बेंडिक्स कंपनीनें १९७३ सालीं हायड्रो-बूस्ट नांवाची योजना बाजारांत आणिली. पॉवर स्टिअरिंगचा जो पंप गाडींत आधींच असतो त्याचेंच तेल ब्रेकच्या मदतीस घ्यावयाचें, ही ती युक्ति. जग्वारच्या पंपाची ही दूरची नातलगच म्हणावी. येथें कॅम कसाहि असो, टर्बो असो, डिझेल असो, व्हॅक्यूमचा संबंधच नाहीं. यंत्र लहान, आणि जोर मोठ्या डब्याहूनहि अधिक. १९९६ सालापासून फोर्डच्या मस्टँग गाडींत रुंद डोक्याचें ४.६ लिटरचें आठ सिलिंडरी इंजिन आलें, तेव्हां डब्यास जागाच उरली नाहीं आणि तेथें हीच योजना बसविण्यांत आली. इंजिन बंद पडलें तरी दोन-तीन दाबांपुरता सांठा यांत दाबून ठेविलेला असतो. उणीव अशी कीं नळ्यांची गुंतागुंत वाढते, पंप चांगल्या प्रतीचा लागतो, आणि पेडल कांहीं गाड्यांत इतकें हळवें होतें कीं नवख्या पायास चाकें जाम करण्यास वेळ लागत नाहीं. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: बूस्टरांत वाहतें तें स्टिअरिंगचें तेल आणि मास्टर सिलिंडरांत असतें तें ब्रेकचें तेल, हीं दोन्ही सर्वस्वीं भिन्न आहेत. चुकून एकाच्या जागीं दुसरें ओतलें तर रबरी सीलें फुगून नासतात, आणि मग केवळ तेल बदलून भागत नाहीं.

तिसरा पंथ मदतनीसच नको म्हणणारांचा. त्यांस वेडे म्हणण्याचें कारण नाहीं. १९८७ सालच्या फेरारी एफ-४० गाडीस बूस्टर नव्हता. १९९२ सालच्या मॅक्लारेन एफ-१ गाडीसहि, तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांच्या आग्रहानें, तो दिला गेला नाहीं. आणि तीं दोन्ही वाहनें आपापल्या काळीं जगांतील अत्यंत वेगवान रस्त्यावरच्या गाड्यांत गणलीं जात. फॉर्म्युला वन शर्यतींत १९९४ सालीं ब्रेकची यांत्रिक मदत नियमानेंच बंद झाली. टायरची पकड हळूहळू सुटत आहे ही सूचना पायाच्या तळव्यांतून थेट मिळावी, मध्यें कोणी दुभाषी नसावा, ही त्यामागील दृष्टि. परंतु मॅक्लारेनचें वजन ११४० किलोच्या आंत आहे, हें विसरून चालणार नाहीं. दीड टनाच्या वर जाणाऱ्या, पुढें लोखंडी आठ सिलिंडरी इंजिन घेऊन धांवणाऱ्या अमेरिकन गाडीस तोच न्याय लावावयाचा तर पेडल, मास्टर सिलिंडर आणि पॅड हीं तिन्ही त्या बेतानेंच निवडावीं लागतात.

आणि येथेंच बहुतेक घोटाळे होतात. पूर्वोक्त कॅमॅरोच्या पेडलच्या दांडींत मास्टर सिलिंडरच्या दांड्यासाठीं दोन भोकें असत. वरचें भोंक बिजागरीच्या जवळ, म्हणून भुजेचें प्रमाण सुमारें सहास एक; तें बूस्टर नसलेल्या गाडीसाठीं. खालचें भोंक दूर, प्रमाण सुमारें चारास एक. तें बूस्टरवाल्या गाडीसाठीं. कारखान्यांतील इंजिनियरांनीं दोन गाड्यांचा विचार एकाच लोखंडी पट्टींत करून ठेविला होता! बूस्टर काढून टाकून दांडा खालच्या भोंकांतच ठेविला तर पाय भरून येतो आणि गाडी थांबत नाहीं. बूस्टर घालून दांडा वरच्या भोंकांत ठेविला तर दांडा वांकडा धरला जातो आणि ब्रेक जरा स्पर्शानें झडप घालतो. एक साधें भोंक, पण शेंकडों रुपयांच्या नव्या सामानास तें निरुपयोगी करूं शकतें.

म्हणून निवडीची सुरुवात दुकानाच्या यादीपासून न करितां व्हॅक्यूम-गेजपासून करावी. इंजिनाचें सारें काम, कॅमसुद्धां, पुरें झाल्यावर, इंजिन गरम असतां, मंद चालींत, आणि गिअर स्वयंचलित असेल तर तो गुंतवून, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मोजावा. जो आंकडा सर्वांत कमी दिसेल तोच खरा. सतरा-अठराच्या पुढें असेल तर कोणताहि योग्य मापाचा डबा चालेल. चौदा-पंधराच्या आसपास असेल तर मोठा किंवा दुहेरी पडदा घ्यावा. दहा-बाराच्या घरांत पंप जोडावा किंवा हायड्रो-बूस्टकडे वळावें. त्याखालीं व्हॅक्यूमची आशा सोडलेली बरी. टर्बो इंजिनांत मॅनिफोल्डमध्यें जोराच्या वेळीं व्हॅक्यूमऐवजीं उलट दाबच असतो, म्हणून एकेरी झडप शाबूत असणें तेथें अत्यावश्यक. १९८६ सालच्या ब्यूइक ग्रँड नॅशनल या टर्बो गाडीस तर कारखान्यानेंच विजेच्या पंपानें तेल दाबणारा स्वतंत्र बूस्टर दिला होता. विजेच्या गाड्यांत इंजिनच नाहीं; तेथें मोटरच दांडा ढकलते, आणि बॉश कंपनीनें २०१३ पासून त्या जातीचे बूस्टर बाजारांत आणिले आहेत.

मोजमाप समुद्रकांठीं केलें आणि गाडी डोंगरावर नेली तर आंकडा बदलतो, हेंहि सांगितलें पाहिजे. डब्यास रेटणारी ती बाहेरचीच हवा. ती वर जावें तसतशी विरळ होते. दर हजार फुटांमागें सुमारें एक इंच व्हॅक्यूम कमी, असा ढोबळ नियम आहे. अमेरिकेंतील पाइक्स पीक या पर्वतावर १९१६ पासून मोटारींची चढाची शर्यत होते. तिचा शेवट चौदा हजार फुटांवर, ४३०० मीटर उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें साठ टक्केच उरतो. इकडे मुंबईहून महाबळेश्वरीं गेलेल्या गाडीचाहि चार इंच व्हॅक्यूम वाटेंत गळतो. अठराचे चौदा झाले तर प्रवाशास कळतहि नाहीं. दहाचे सहा झाले तर उतरतांना पहिल्याच वळणावर कळतें.

घाटाच्या उतारावर पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देण्याची एक जुनी खोड आपल्याकडे आहे. ती बूस्टर असलेल्या कोणत्याहि गाडींत जिवावर बेतणारी आहे, मग गाडी जलद असो वा साधी. इंजिन थांबलें कीं डब्यांत दोन-तीन दाबांपुरतीच शिदोरी उरते. बोरघाटांत वळणें त्याहून पुष्कळ अधिक आहेत. शिवाय गिअरची ओढहि गेलेली असते, म्हणून सारा भार ब्रेकवर पडतो तो नेमका त्यांचा मदतनीस निघून गेल्यावर. अमेरिकेच्या सरकारी नियमावरून या मदतीचें मोल कळतें. ताशीं १०० किलोमीटर वेगावरून हलकी गाडी ब्रेक शाबूत असतां ७० मीटरांच्या आंत थांबली पाहिजे. बूस्टर निकामी असतां तोच नियम १६८ मीटरांपर्यंत मुभा देतो, आणि तीहि पायाचा जोर पन्नास किलोच्या सुमारास असेल असें धरून. ९८ मीटरांचा हा फरक कारखान्याच्या नव्या, निर्दोष गाडीचा आहे. घरीं जुळविलेल्या गाडींत पेडलचें प्रमाण चारास एक आणि मास्टर सिलिंडर सव्वा इंची असला तर फरक किती पडेल, याचा अंदाज वरच्या हिशेबावरून ज्याचा त्यानें करावा.

बूस्टर बसविल्यावर परीक्षेस कांहीं उपकरण लागत नाहीं. इंजिन बंद असतां पेडल चार-पांच वेळां दाबून डबा रिकामा करावा, मग पाय पेडलवर घट्ट रोंवून इंजिन चालू करावें. पेडल पायाखालीं आपण होऊन थोडें खालीं गेलें तर पडदा, झडप आणि नळी तिन्ही कामावर हजर आहेत. त्यानंतर इंजिन मंद चालत असतांच पेडल एकामागून एक, झपाट्यानें, चार वेळां दाबून सोडावें. चौथ्या दाबासहि पेडल पहिल्यासारखेंच मऊ लागलें तर गाडी रस्त्यावर न्यावयास हरकत नाहीं. तिसऱ्या किंवा चौथ्या दाबास तें ताठर झालें, तर तिला त्या दिवशीं आवाराबाहेर काढूं नये, आणि गेज पुन्हां हातांत घ्यावें.